आधी दप्तर, मग संगणक

अलीकडे आमच्या कळंबच्या पंचक्रोशीत पारावर बसा, दूध संकलन केंद्रावर उभे राहा, की बारामतीच्या गाडीची वाट पाहत थांबा, एक विषय हटकून निघतो. गावोगावच्या विविध कार्यकारी सेवा सोसायट्यांची खाती संगणकावर चढू लागली आहेत. केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये देशातील ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाची योजना मंजूर केली आणि तीस २,५१६ कोटी रुपयांचा खर्च ठरविला. त्या योजनेचा ओघ आता आपल्या दारापर्यंत आला आहे. यावर शेतकऱ्यांत दोन पक्ष पडलेले दिसतात. एक पक्ष म्हणतो की, आता सचिवाची मनमानी संपली, चुका संपल्या, सर्व व्यवहार आरशासारखा स्वच्छ झाला. दुसरा पक्ष म्हणतो की, वहीत निदान लिहिलेले दिसत होते. आता पेटीत काय शिरले आणि काय गळले हे ब्रह्मदेवालाही कळणार नाही.

आमच्या मते दोन्ही पक्ष यंत्राकडे पाहतात आणि ज्या खोलीत ते यंत्र ठेवावयाचे त्या खोलीतील कामाकडे पाहत नाहीत. आम्ही महसूल खात्यात कारकुनी करून निवृत्त झालो. कागदावरचे दप्तर संगणकावर जाताना आम्ही आमच्या डोळ्यांनी पाहिले, किंबहुना आमच्याच हातून ते पुष्कळसे गेले. त्या अनुभवावरून आम्ही इतकेच सांगू इच्छितो की, कोणत्याही संस्थेस संगणकापासून लाभ होणे न होणे हे संगणकाच्या किमतीवर अवलंबून नसते. ते दोन गोष्टींवर अवलंबून असते. पहिली, आपल्या कामाची जुनी रीत गरजेप्रमाणे बदलण्याची त्या संस्थेची तयारी. दुसरी, कामाचा कस शेवटी एकदा न पाहता पायरीपायरीस तपासण्याची शिस्त. या दोन गोष्टी ज्या कचेरीत आहेत तेथे संगणक सोन्यासारखा चालतो. ज्या कचेरीत नाहीत तेथे तो पूर्वीचाच गोंधळ अधिक वेगाने करून दाखवितो.

हा विचार इंदापूर तालुक्यातील शेतकऱ्यास परका वाटण्याचे कारण नाही. दप्तर सुधारण्याचा मोठा प्रयोग एकदा फसला आणि मग साधला, तो याच तालुक्यात. पेशवाई गेल्यानंतर कंपनी सरकारच्या वेळी आर. के. प्रिंगल या अधिकाऱ्याने पुणे जिल्ह्यातील जमिनीची मोजणी करून १८३० च्या सुमारास नवी आकारणी लागू केली. निव्वळ उत्पन्नाच्या शेकडा ५५ भाग सरकारसारा असावा, हे त्यामागील तत्त्व. कागदावर तत्त्व मोठे सुबक होते. परंतु निव्वळ उत्पन्न काढावयाचे तर प्रत्येक प्रतीच्या जमिनीत पीक किती येते, बैलबारदाना, बी, मजुरी यांवर खर्च किती होतो, धान्यास भाव काय मिळतो, असे शेकडो आकडे लागत. ते आकडे हाताखालच्या नोकरांनी आणावयाचे. त्यांच्यावर देखरेख अपुरी. मोजणीत चुका, प्रतबंदीत लाचलुचपत. पाया असा भुसभुशीत असल्यावर त्यावरील हिशेब कितीही शास्त्रशुद्ध असला तरी उपयोग काय? इंदापूर भागात जमिनी पडीक पडल्या आणि रयत गाव सोडून जाऊ लागली.

तेव्हा १८३५ मध्ये गोल्डस्मिड आणि त्यांच्या जोडीस लेफ्टनंट विंगेट व नॅश यांनी इंदापुरातच काम नव्याने हाती घेतले. त्यांनी जे केले ते आजच्या संगणकवाल्यांनीही ध्यानात घेण्याजोगे आहे. निव्वळ उत्पन्नाचा अवघड हिशेब त्यांनी सोडून दिला. जे डोळ्यांस दिसते आणि कुदळीने उकरून पाहता येते, म्हणजे मातीचा रंग आणि तिची खोली, त्यावरून जमिनीच्या प्रती पाडण्याची रीत त्यांनी बसविली. या प्रती पुढे नऊ ठरल्या आणि त्यांची किंमत आण्यांत मांडली जाऊ लागली. मोजणीदाराने केलेल्या कामापैकी काही हिस्सा वरच्या अधिकाऱ्याने स्वतः शेतावर जाऊन पुन्हा पाहावयाचा, असा दंडक घातला. सारा तीस वर्षांपर्यंत कायम केला. पुढे १८४७ च्या संयुक्त अहवालात ही पद्धत नियमबद्ध झाली आणि साऱ्या मुंबई इलाख्यात पसरली.

परक्या सरकारचे गोडवे गाण्यासाठी आम्ही हे सांगत नाही. तीस वर्षांची ती मुदत १८६७ मध्ये संपून इंदापुरात आकारणी वाढली, आणि १८७५ साली आपल्या शेजारच्या सुप्यापासून सावकारांविरुद्ध दंगे पेटले, हाही इतिहासच आहे. आम्हांस घ्यावयाचा आहे तो एवढाच बोध. प्रिंगलच्या वेळी तत्त्व मोठे होते, पण आकड्यांचा कस पाहणारा कोणी नव्हता आणि चूक दिसल्यावर रीत बदलण्याची सोय नव्हती. विंगेटच्या वेळी तत्त्व साधे होते, पण रीत बदलली होती आणि तपासणी कामातच गुंफलेली होती. तालुका तोच, माती तीच, माणसेही बहुतेक तीच. फरक पडला तो कामाच्या घडीत.

आता आमच्या स्वतःच्या काळाकडे येऊ. जमिनीच्या नोंदी संगणकावर नेण्याची केंद्र सरकारची पहिली योजना १९८८-८९ सालची. आपल्या राज्यात गाव नमुना सात आणि बारा यांची माहिती यंत्रात भरण्याचे काम पुढे कित्येक वर्षे चालले होते. सातबाऱ्यांची संख्या अडीच कोटींच्या आसपास! एवढे लिखाण भरावयाचे म्हणजे मुदती आल्या, मुदती आल्या म्हणजे घाई आली. या घाईत आमच्या हातून झालेली एक चूक येथे सांगतो. ती ज्या कचेरीत घडली तिचे नाव सांगण्याची जरुरी नाही, कारण दोष कचेरीपेक्षा आमचा अधिक होता.

भरलेली माहिती मूळ हस्तलिखिताशी ताडून "बरोबर आहे" असा दाखला देण्याचे काम आमच्याकडे होते. एका गावाचे छापील उतारे आले, त्या वेळी मुदतीचा शेवटचा दिवस उजाडावयास एक रात्र उरली होती. आम्ही गावच्या सर्व उताऱ्यांवरील क्षेत्राची बेरीज घेतली आणि ती आकारबंदाशी जुळवून पाहिली. ती बिनचूक जुळली. मग ओळ न् ओळ ताडण्याचे कष्ट कशास घ्या, असे मनाशी म्हणून आम्ही सही ठोकली. काही महिन्यांनी एक विधवा बाई जुना हस्तलिखित उतारा पदरात बांधून कचेरीत आली. नवरा वारल्यावर वारसाच्या फेरफाराने तिचे व तिच्या दोन मुलांचे नाव लागले होते. हस्तलिखितात मुलांची नावे पानाच्या तळाशी आणि तिचे नाव पुढच्या पानाच्या माथ्यावर होते. भरणाऱ्याने पान उलटलेच नव्हते. तिने उतारा आमच्या मेजावर ठेवला आणि विचारले, "भाऊसाहेब, कागदात मी मेले का?"

क्षेत्राची बेरीज बरोबर होती. बेरजेत माणूस मोजलेला नव्हता, एवढेच. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ याच्या कलम १५५ खाली लेखनप्रमाद दुरुस्त करता येतो आणि तसा तो पुढे दुरुस्त झालाही. परंतु तोवर बाईने कचेरीत आठ खेपा घातल्या होत्या, आणि सोसायटीच्या पीककर्जाचा त्या वर्षाचा हंगाम निघून गेला होता. हाताने लिहिलेली चूक एका वहीत एका गावी पडून राहते. संगणकात शिरलेली चूक त्याच दिवशी बँकेत जाते, विम्यात जाते, अनुदानाच्या यादीत जाते, आणि प्रत्येक ठिकाणी तिच्यावर विश्वास ठेवला जातो, कारण ती सुंदर अक्षरांत छापून आलेली असते. त्या दिवसापासून "छापील आहे म्हणजे खरे आहे" हे वाक्य आम्ही कोणाच्या तोंडून ऐकले की आमचा जीव कासावीस होतो.

खात्याने या चुकांवर पुढे जे उपाय केले ते मात्र मोकळ्या मनाने सांगितले पाहिजेत. भरलेली माहिती पुन्हा तपासून दुरुस्त करण्याची स्वतंत्र सोय प्रणालीत करण्यात आली. २०१७ साली गावोगाव चावडीवाचन झाले. तलाठ्याने उतारे वाचावयाचे आणि ज्याचे त्याने आपले नाव, क्षेत्र, बोजा ऐकून चूक सांगावयाची. पाहा, संगणकाच्या युगात उपयोगी पडली ती गावसभेत मोठ्याने वाचण्याची आजोबा-पणजोबांची रीत! यंत्राने जे पकडले नाही ते खातेदाराच्या कानाने पकडले. ही पडताळणी झाल्यानंतरच १ मे २०१८ या महाराष्ट्रदिनापासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा लोकांस मिळू लागला. आज घरबसल्या १५ रुपयांत जो उतारा आपण काढतो, त्याच्यामागे हे सारे ताडणे, वाचणे आणि खोडणे आहे. सही आधी आणि तपासणी मागाहून, असा क्रम ठेवला असता तर त्या विधवा बाईसारख्या लक्षावधी लोकांची तीच गत झाली असती.

दुसरे उदाहरण ई-पीक पाहणीचे. १५ ऑगस्ट २०२१ पासून शेतकऱ्याने आपल्या पिकाची नोंद आपल्याच मोबाईलवरून, शेतात उभे राहून, छायाचित्रासह करावी, अशी व्यवस्था राज्यभर सुरू झाली. पूर्वी पीकपाहणी पुष्कळदा चावडीत बसूनच होई आणि गेल्या सालचा ऊस याही साली उभा राही, हे आपणांपैकी कोणास ठाऊक नाही? नवी व्यवस्था चांगली. परंतु पहिल्या हंगामात तिच्याविषयी तक्रारींचा पाऊस पडला. कोणाजवळ मोबाईल नाही, कोणी चुकून सोयाबीनऐवजी दुसरेच पीक दाबले, तर कोणी घरी बसून छायाचित्र काढले. पुढल्या आवृत्तीत यांपैकी बऱ्याच गोष्टींची दखल घेतली गेली. नोंद केल्यापासून ४८ तासांत एकदा दुरुस्त करण्याची मुभा मिळाली. छायाचित्र गटापासून दूर काढले तर तशी सूचना येऊ लागली. एका मोबाईलवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते. शेतकऱ्यांच्या नोंदींपैकी शेकडा १० तलाठ्याने तपासाव्यात, असा नियमही झाला. मागाहून राहिलेल्या शेतकऱ्यांसाठी गावोगाव सहाय्यकही नेमले गेले. अद्याप अडचणी नाहीत असे नव्हे. तथापि वरून आलेली व्यवस्थाही खालून आलेल्या तक्रारीने बदलते, हे येथे सिद्ध झाले. विंगेटची शेतावरची फेरतपासणी आणि आजची ही शेकडा १० ची तपासणी या एकाच वंशातल्या आहेत, असे आम्हांस वाटते.

सरकारी कामाचे उदाहरण पुरेसे नाही, व्यापारात काय होते ते सांगा, असे कोणी म्हणेल. तर द्राक्षाचे उदाहरण घ्या. २००३ च्या सुमारास युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांत औषधांचे अंश मर्यादेबाहेर सापडले आणि बागाईतदारांच्या तोंडचे पाणी पळाले. त्यावर उपाय म्हणून आधी शिस्त आली. कोणते औषध चालेल, काढणीच्या किती दिवस आधी फवारणी थांबवावयाची, नमुना कोणी घ्यावयाचा, कोणत्या प्रयोगशाळेत तपासावयाचा, हे ठरले. पुण्याजवळ मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातील प्रयोगशाळेने या तपासणीचा भार वाहिला. त्या पायावर २००६ साली अपेडा या निर्यात संस्थेने ग्रेपनेट ही संगणकीय व्यवस्था उभी केली. तीत बागेची नोंद, तपासणीचा दाखला आणि पेटी यांची अशी साखळी जोडली आहे की परदेशातील दुकानात पोहोचलेली पेटी कोणत्या बागेतून निघाली हे मागे जाऊन सांगता येते. आमच्या तालुक्यात बोरीसारख्या गावांतील द्राक्ष बागाईतदारांस हे नव्याने सांगावयास नको. शिस्त नसती आणि नुसता संगणक असता, तर कोणत्या बागेतील माल नापास झाला एवढेच लवकर कळले असते. शिस्त होती म्हणून नापास होणेच कमी झाले.

आणि आमच्या अगदी उंबऱ्याजवळचे उदाहरण हवे असेल तर वालचंदनगर आहेच. आमच्या कळंबच्या माळावर शेठ वालचंद हिराचंद यांच्या उद्योगाने ऊस लावला, साखर कारखाना काढला. पुढे तेथे साखर कारखान्यांची यंत्रे घडू लागली, आणि त्याही पुढे इस्रोच्या अग्निबाणांच्या मोटारींची कवचे तेथून जाऊ लागली. उसापासून अग्निबाणापर्यंतचा हा प्रवास जुन्याच रीतीस चिकटून राहणाऱ्यास साधला नसता, आणि कामाचे माप पायरीपायरीस न घेणाऱ्यासही साधला नसता. अग्निबाणाच्या कवचास जोड दिला म्हणजे तो तपासल्यावाचून पुढचे काम होत नाही. कवच उडाल्यावर चूक शोधून काय करावयाचे? युद्धानंतर १९५० साली डेमिंग नावाचे अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ जपानी कारखानदारांस शिकविण्यास गेले, त्यांच्याही शिकवणीचे सार हेच होते. तयार मालातून वाईट नग वेचून काढण्याने माल सुधारत नाही. ज्या कृतीतून तो निघतो ती कृती सुधारावी लागते. शेतकऱ्यास हे पटावयास वेळ लागू नये. मळणीच्या खळ्यावर खडे वेचण्यापेक्षा खळे आधी सारवून घेणे आपल्या बायकांस पूर्वीपासून ठाऊक आहे.

आता मूळ प्रश्नाकडे, म्हणजे आपल्या सोसायटीच्या संगणकाकडे वळू. आमच्या मते संचालक मंडळांनी पुढील गोष्टी कटाक्षाने कराव्यात.

(१) वही जुळविल्यावाचून आकडा यंत्रात घालू नये. प्रत्येक सभासदाचे भाग, कर्जाची मुद्दल, व्याज आणि ठेव यांचा उतारा काढून त्याच्या हाती द्यावा, त्यास वाचून दाखवावा आणि मान्य असल्याची सही अथवा अंगठा घ्यावा. सातबाऱ्याचे वाचन चावडीवर करणे बरे. कर्जाचा आकडा मात्र चारचौघांत वाचणे बरे नव्हे. तेव्हा हे काम ज्याचे त्याच्याशी एकांतात व्हावे. मयत सभासदांच्या खात्यांची यादी वेगळी काढून वारसांस बोलवावे. जमिनीच्या दप्तरात हेच काम राहून गेल्यामुळे २०२५ साली राज्य सरकारला "जिवंत सातबारा" नावाची मोहीम काढून मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावण्याचा उद्योग करावा लागला. तो धडा आपण फुकट शिकून घ्यावा.

(२) कर्जवाटपापासून वसुलीपर्यंतचा एक पूर्ण हंगाम हातवही आणि संगणक दोन्ही चालू ठेवावेत आणि दरमहा दोहोंची शिल्लक ताडून पाहावी. काम दुप्पट होईल हे खरे. पण बैल विकण्याआधी ट्रॅक्टर एक हंगाम चालवून पाहणारा शेतकरी शहाणा समजतात, हे विसरू नये.

(३) भरणारा एक आणि तपासणारा दुसरा असावा. सचिवाच्या परवलीच्या शब्दाची चिठ्ठी मेजाच्या खणात ठेवून कोणीही यावे आणि नोंद करावी, हा प्रकार काही ठिकाणी चालतो. तो म्हणजे तिजोरीची किल्ली खुंटीस टांगण्यासारखे आहे.

(४) चुकांची एक वही ठेवावी. कोणती चूक झाली, कोणी दाखविली, केव्हा दुरुस्त झाली आणि कशामुळे झाली, एवढे चार रकाने पुरेत. ही वही मासिक सभेत अध्यक्षांनी स्वतः वाचावी. चूक सांगणाऱ्यास दटावू नये. आमच्या कचेरीत चूक सांगणाऱ्याच्याच गळ्यात ती पडे, म्हणून चुका झाकल्या जात. एकच चूक तीन महिने पुन्हा पुन्हा येत असेल तर माणूस बदलण्याआधी रीत बदलून पाहावी. आमच्या विधवा बाईच्या बाबतीत "पान उलटावे" हा हुकूम काढून भागले नसते. प्रत्येक खात्यातील नावांची संख्या आधी मोजून लिहिण्याचा एक रकाना असता तर तिचे नाव गळल्याचे त्याच रात्री दिसले असते.

(५) संगणक आल्यावर कोणते कागद मागणे बंद झाले, याचा दरवर्षी ठराव करावा. डिजिटल स्वाक्षरीचा उतारा सचिवास आपल्या पडद्यावर दिसतो, तरी सभासदाकडून त्याच्या तीन प्रती मागावयाच्या, ही नवी पेटी विकत घेऊन जुने कुलूप कायम ठेवण्याची रीत झाली. ज्या संस्थेत शेतकऱ्याची एकही खेप कमी झाली नाही, तिने संगणक घेतला एवढेच म्हणता येईल. वापरला असे म्हणता येणार नाही.

(६) सचिवाबरोबर आणखी एका तरुण माणसास काम शिकवून तयार ठेवावे, आणि वीज किंवा नेट गेले असता पावती कशी द्यावयाची हे लिहून भिंतीवर लावावे. शेतकरी दहा मैलांवरून वसुलीचे पैसे घेऊन येतो आणि "सर्व्हर बंद आहे" एवढे ऐकून परत जातो, हे त्याचे नव्हे तर संस्थेचे नुकसान होय.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, लहान संस्थेस एवढा व्याप झेपणार कोठून? आमचे उत्तर असे की, वर सांगितलेल्या गोष्टींपैकी एकीसही जास्त पैसा लागत नाही. वेळ लागतो हे मान्य. परंतु ताडण्यात वाचविलेला एक तास पुढे सभासदाच्या आठ खेपांच्या रूपाने दामदुप्पट वसूल होतो, हे आम्ही अनुभवाने सांगतो. दुसरा आक्षेप असा की, प्रणाली वरून आलेली आहे. तीत फेरफार करण्याचा अधिकार आम्हांस कोठे आहे? प्रणालीवर आपला अधिकार नसेल, पण आपल्या खोलीतील कामाच्या क्रमावर आहे. आणि ई-पीक पाहणीने दाखविले आहे की, तक्रार नेमकी असली, नुसती कुरकुर नसली, तर प्रणालीही बदलते. चुकांची वही ठेवणाऱ्या दहा संस्थांनी मिळून लेखी मागणी केली, तर तिचे वजन शंभर तोंडी तक्रारींहून अधिक पडेल.

संस्थेचे कर्तव्य सांगितले, तसे सभासदाचेही सांगितले पाहिजे. आपली ई-पीक पाहणी दुसऱ्याच्या हाती सोपवून नंतर विम्यासाठी रडणे शोभत नाही. मोबाईलवर खात्याचा संदेश आला तर तो नातवाकडून तरी वाचवून घ्यावा. वडील वारले तर वारसाची वर्दी तीन महिन्यांच्या आत तलाठ्यास, ज्यांस आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, देणे हे कायद्याने आपल्यावरच टाकलेले काम आहे. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात उसासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग चालला आहे. जमिनीत ओलावा मोजणाऱ्या कांड्या रोवतात, उपग्रहाची चित्रे पाहतात आणि पाणी-खताचा सल्ला मोबाईलवर देतात. प्रयोग स्तुत्य आहे. परंतु लागणीची तारीखच आपण अंदाजाने सांगितली आणि बांधाची हद्दच चुकीची दाखविली, तर सल्ला देणारे यंत्र बिचारे काय करील? कारखान्याच्या शेतकी खात्याकडे उसाची नोंद देताना तोडीचा नंबर लवकर लागावा म्हणून लागणीची तारीख मागे ओढणारे महाभाग आपल्यातच आहेत. खोट्या आकड्यावर खरी तोड मिळत नाही, आणि यंत्र जितके हुशार, तितका खोट्या आकड्याचा परिणाम दूरवर जातो.

सारांश, संगणकास आम्ही विरोध करीत नाही. त्याच्यामुळे उताऱ्यासाठी तालुक्यास होणारे हेलपाटे वाचले, हे आम्ही त्या हेलपाट्यांच्या पलीकडल्या बाजूस बसून पाहिले आहे. आमचे म्हणणे इतकेच की, आधी दप्तर नीट करावे, कामाची रीत बदलण्यास मन मोकळे ठेवावे आणि मग संगणक चालवावा. क्रम उलटा झाला की त्याची किंमत कचेरी देत नाही, शेतकरी देतो.

सोसायट्यांच्या वार्षिक सभा सप्टेंबरअखेर होतात. आमच्या वाचकांनी त्या सभेस अवश्य जावे. चहा घेऊन सही करून परत न येता उभे राहून एकच प्रश्न विचारावा: "माझ्या खात्याचा आकडा संगणकात गेला, तो माझ्या वहीशी कोणी, कोणत्या दिवशी ताडून पाहिला?" या प्रश्नास नाव आणि तारीख घालून उत्तर मिळाले तर निर्धास्त घरी यावे. न मिळाले तर उत्तर मिळेपर्यंत उभेच राहावे. आम्हीही आमच्या सोसायटीच्या सभेत हा प्रश्न विचारणार आहोत.